कमी भांडवलात घर-जमिनीचा व्यवहार कसा बसवावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दुसरा फ्लॅट घेणाऱ्यांचे आहेत, वडिलोपार्जित जागा विकसनाला देणाऱ्यांचे आहेत आणि ‘पैसे थोडे आहेत, पण संधी चांगली आहे’ असं म्हणत फोन करणाऱ्यांचेही आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या नियमांना धरून दिली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून आयकराच्या बाबतीत कलम न सांगता नियमच सांगितला आहे.

गृहकर्ज मिळतंच. मग वेगळी जुळवाजुळव कशाला?

कारण बँक पूर्ण रक्कम देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेनुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यावरच्या कर्जाला ७५ टक्के मिळतात. पुण्यात ६० लाखांचा फ्लॅट धरा. बँक जास्तीत जास्त ४८ लाख देईल. १२ लाख तुमचे, त्यावर ७ टक्के मुद्रांक म्हणजे ४ लाख २० हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. व्यवहार उभा राहायलाच १६ लाख ५० हजार हाताशी हवेत. दलाली, सोसायटीची हस्तांतरण फी आणि रंगरंगोटीचा खर्च अजून धरलेला नाही.

या साडेसोळा लाखांसाठीच बहुतेक जण वेगळ्या वाटा शोधतात. वाट कोणतीही असली तरी मी आधी एकच गोष्ट विचारतो. पैसा उशिरा द्यायचा ठरला, तर मधल्या काळात धोका कोणाच्या डोक्यावर आहे? आणि ते नोंदवलेल्या कागदात लिहिलंय का?

भाड्यातून हप्ता निघतो का?

आपल्या शहरांत राहत्या घराच्या भाड्यातून सहसा निघत नाही. वरच्याच उदाहरणात ४८ लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ४१,६५० रुपयांच्या आसपास येतो. त्या फ्लॅटला महिना १७ हजार भाडं मिळालं, तर दर महिन्याला साडेचोवीस हजार खिशातून घालावे लागतील. परदेशी गणितं जशीच्या तशी उचलून ‘भाडेकरू तुमचं कर्ज फेडेल’ असं शिकवणारे पुष्कळ आहेत. तिथे भाडं आणि व्याजदर यांचं प्रमाण वेगळं असतं. इथे खरेदी करताना हा खड्डा किती वर्षं भरता येईल, ते आधी मांडून बघा. एक सोय मात्र आहे. व्यक्तीच्या नावावरच्या बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. त्यामुळे बोनस आला की मुद्दल खाली आणता येतं.

विकणाऱ्याला पैसे हप्त्याने देता येतात का?

येतात, आणि दोघांनाही सोयीचं असेल तर ही मला सर्वांत स्वच्छ वाट वाटते. जागा बरेच दिवस विकली जात नाही, मालकाला सगळी रक्कम लगेच नको आहे, मुलं परगावी आहेत, अशा वेळी मालक दोन-तीन वर्षांत पैसे घ्यायला तयार होतो. बदल्यात त्याला थोडी जास्त किंमत किंवा ठरलेलं व्याज मिळतं.

पण मी विकणाऱ्याच्या बाजूने आधी बोलणार आहे, कारण आमच्या घरात हे घडलंय. माझ्या आत्याने सातारा जिल्ह्यातला प्लॉट विकला. एक तृतीयांश रक्कम हातात आली, उरलेल्या रकमेचे पुढच्या तारखांचे चेक मिळाले. खरेदीखतात मात्र नेहमीचं वाक्य होतं, ‘संपूर्ण मोबदला पोहोचला, तक्रार नाही.’ चेक वटले नाहीत. वकिलांनी सांगितलं की खरेदीखत रद्द होणार नाही, फक्त पैशांचा दावा लावता येईल. तिला ते कित्येक महिने खरंच वाटलं नाही. तिच्या मनात, पैसे मिळाले नाहीत म्हणजे विक्रीच झाली नाही.

कायदा तसा नाही. सुरतच्या जमिनीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हेच स्पष्ट केलं. २००९ साली नोंदलेल्या खरेदीखतातली बहुतेक रक्कम मिळालीच नाही असं विकणाऱ्यांचं म्हणणं होतं, तरी तेवढ्यावर खरेदीखत रद्द होत नाही. उरलेल्या पैशांसाठी वेगळा दावा करावा लागतो. म्हणून हप्त्याने व्यवहार करायचा असेल तर तीनपैकी एक रचना घ्या.

पहिली, आता नोंदणीकृत साठेखत (म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार) करायचं आणि शेवटचा हप्ता आल्यावर खरेदीखत. दुसरी, खरेदीखत आताच करायचं, पण खरेदीदाराने बाकी रकमेसाठी तीच मिळकत विकणाऱ्याला नोंदणीकृत गहाणखताने गहाण द्यायची. तिसरी, खरेदीखतातच किती मिळाले, किती बाकी, कोणत्या तारखेला येणार, व्याज किती आणि बाकी रकमेचा बोजा मिळकतीवर राहील, हे स्पष्ट लिहायचं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार न मिळालेल्या किमतीचा बोजा विकणाऱ्याला मिळतोच. पण कागदात ‘सगळे मिळाले’ लिहिलं की तो सिद्ध करणं कठीण होतं.

दुसरी आणि तिसरी रचना बँकेच्या कर्जासोबत सहसा बसत नाही, कारण बँकेला पहिला बोजा स्वतःचाच हवा असतो. आणि विकणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. पैसे तीन वर्षांत येणार असले तरी भांडवली नफ्याचा कर सर्वसाधारणपणे हस्तांतरण झालं त्या वर्षाचाच लागतो. पहिला हप्ता निदान तो कर भरता येईल एवढा तरी असू द्या.

साठेखत नोटरी केलं तर चालेल ना? मुद्रांक वाचतो.

नाही. इथे मी कोणालाच सूट देत नाही.

२४ सप्टेंबर २००१ नंतर, ताबा घेऊन केलेल्या साठेखताच्या आधारे ताबा टिकवायचा असेल तर ते साठेखत नोंदणीकृतच लागतं. आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र अशी जोडी लावून केलेली ‘विक्री’ ही विक्री नव्हेच. महाराष्ट्रात ताबा देणाऱ्या साठेखतावर खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क लागतं. ते पुढे खरेदीखताच्या वेळी वजा होतं, म्हणजे तुम्ही दोनदा भरत नाही. सही झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त नोंदवायला हजर करायचा असतो. नोटरीच्या शिक्क्याने फक्त सही कोणी केली हे कळतं. तोच फ्लॅट दुसऱ्या दिवशी आणखी कोणाला विकला गेला तर सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या व्यवहारांच्या यादीत, तुमचं नाव कुठेच दिसणार नाही.

विकणाऱ्याचं कर्ज चालू आहे. मी त्याचे हप्ते भरत राहिलो तर?

‘कर्ज त्याच्याच नावावर राहू दे, मी दर महिन्याला हप्ता टाकतो, कर्ज फिटलं की खरेदीखत करू’ हा प्रस्ताव खूप ऐकू येतो. यात बँकेला काही सांगितलेलं नसतं. मूळ कागद बँकेकडे असतात, कर्जदार तो असतो आणि हप्ते तुम्ही भरता. तो वारला, त्याच्या दुसऱ्या कर्जाची वसुली आली, नवरा-बायकोत वाद झाला किंवा त्याने त्याच घरावर टॉप-अप घेतलं, तर तुमच्या हातात फक्त बँकेच्या पावत्या राहतात.

सरळ वाट कठीण नाही. विकणाऱ्याने त्याच्या बँकेकडून कर्ज बंद करण्याच्या रकमेचं पत्र आणि तारण असलेल्या कागदांची यादी घ्यायची. तुमची बँक तेवढी रक्कम थेट त्या बँकेला देते, मूळ कागद एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जातात आणि उरलेली रक्कम विकणाऱ्याला मिळते. तुमचे स्वतःचे पैसेही विकणाऱ्याच्या बचत खात्यात न टाकता थेट त्याच्या कर्जखात्यात भरा, आणि साठेखतात तसं लिहा. सातबारा असेल तर ‘इतर अधिकार’ रकान्यातला बँकेचा बोजा कमी झाल्याचा फेरफार होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

हेवी डिपॉझिट घेऊन घर देणं हा भांडवल उभारण्याचा मार्ग आहे का?

आहे. फक्त ते कर्ज आहे हे लक्षात ठेवा. समजा भाडं १७ हजारांऐवजी १० हजार ठेवलं आणि १० लाख डिपॉझिट घेतलं. दर महिन्याला ७ हजार सोडले म्हणजे वर्षाला ८४ हजार. म्हणजे १० लाखांवर तुम्ही ८.४ टक्के व्याज देताय. गृहकर्जाच्या जवळपासच आहे, आणि हे पैसे लवकर मिळतात.

अडचण परतफेडीची असते. करार संपला की रक्कम एकदम द्यायची असते. ती दुसऱ्या फ्लॅटच्या पायात घातलेली असेल तर नवा भाडेकरू सापडेपर्यंत जुना जागा सोडत नाही, आणि त्याचं चुकतही नाही. मी अशा डिपॉझिटचा निदान तिसरा हिस्सा मुदत ठेवीत बाजूला ठेवायला सांगतो.

करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक फार नाही. एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के मानीव व्याज, यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. वरच्या उदाहरणात ३ वर्षांसाठी ३ लाख ६० हजार भाडं आणि ३ लाख मानीव व्याज, मिळून ६ लाख ६० हजार. मुद्रांक १,६५० रुपये. एवढ्यासाठी कोणी डिपॉझिटची रक्कम करारात कमी दाखवू नये.

जागा माझी, पैसा बिल्डरचा. यात काय सांभाळायचं?

कर्ज न काढता मिळकत वाढवण्याचा हा सर्वांत मोठा मार्ग आहे, आणि सर्वांत जास्त माणसं इथेच अडकलेली मी पाहिली आहेत. बोलणी सगळी टक्केवारीवर होतात. पन्नास-पन्नास की पंचावन्न-पंचेचाळीस, यावर महिनाभर घासाघीस चालते. खरी भानगड मुखत्यारपत्रात आणि गहाणाच्या कलमात असते, आणि तो कागद सहीच्या दिवशी पहिल्यांदा वाचला जातो.

मुखत्यारपत्र नकाशे मंजूर करून घेण्यापुरतं, परवानग्यांपुरतं आणि बिल्डरच्या वाट्याचे फ्लॅट विकण्यापुरतंच द्या. तुमच्या वाट्याचे फ्लॅट कोणते, ते नकाशा मंजूर झाल्यावर क्रमांकासह पुरवणी करारात लिहून नोंदवा. ‘४५ टक्के क्षेत्र’ एवढंच लिहिलं तर रस्त्याकडचे फ्लॅट कोणाचे आणि कचराकुंडीकडचे कोणाचे हे शेवटी ठरतं, आणि तेव्हा तुमचा हात खाली असतो. बांधकामासाठी बिल्डरने कर्ज काढायचं तर फक्त त्याच्या वाट्यावर, तुमची संपूर्ण जमीन तारण नाही. मुदत उलटली तर महिन्याला किती द्यायचे, काम बंद पडलं तर करार कसा संपेल आणि तोवर झालेल्या कामाचा हिशेब कोण करेल, हेही लिहा. ही कलमं मागितल्यावर बिल्डर नाराज झाला, तर ते तुम्हाला सहीच्या आधीच समजलं.

जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि सदनिका ८ पेक्षा जास्त असतील तर रेराची (बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याची) नोंदणी लागते. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. क्षेत्रात किंवा विक्रीच्या पैशात वाटा घेणारा जागामालकही महारेराच्या (राज्यातल्या रेरा प्राधिकरणाच्या) दृष्टीने प्रवर्तक, म्हणजे प्रकल्प उभा करणारा, ठरतो, म्हणजे जबाबदारी काही अंशी तुमच्याकडेही येते.

कराची बाजू मात्र दिलासा देणारी आहे. व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाने नोंदणीकृत विकसन करार केला, तर भांडवली नफ्याचा कर इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला मिळतो त्या वर्षी लागतो, कराराच्या वर्षी नाही. रोख मोबदल्यावर बिल्डर १० टक्के टीडीएस कापतो. पण दाखला मिळण्याआधी तुम्ही तुमच्या वाट्याचा हक्क विकून टाकला, तर ही सवलत जाते.

चार मित्रांनी पैसे एकत्र केले तर?

आधी लिहा, मग पैसे घाला. कोणाचे किती, निर्णय कसा, एकाला बाहेर पडायचं असेल तर त्याचा वाटा कोणत्या भावाने घ्यायचा, कोणी वारलं तर वारसांचं काय. सगळ्यांची नावं खरेदीखतात हिश्शासह घाला किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था) काढा. एकाच्या नावावर घेऊन ‘आपल्यात विश्वास आहे’ म्हणू नका. पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, हा बेनामी व्यवहार ठरू शकतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यात मिळकत जप्त होते आणि १ ते ७ वर्षांची कैद आहे.

ओळखीच्या दहा-वीस लोकांकडून ‘वर्षाला १८ टक्के देतो’ म्हणून रक्कम गोळा करणं तर वेगळंच आहे. अनियंत्रित ठेवींवर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा त्याआधीपासून आहे. हेतू चांगला होता, एवढ्याने त्यातून सुटका होत नाही.

गावाकडे ‘मुदत खरेदी’ करून पैसे लावतात. परतावा चांगला मिळतो म्हणे?

अडचणीतल्या माणसाला रक्कम द्यायची, त्याच्या जमिनीचं खरेदीखत करून घ्यायचं आणि ठरल्या मुदतीत पैसे परत आले तर जमीन उलट फिरवायची, असा हा प्रकार. कायद्यात सशर्त विक्रीचं गहाण आहे, पण परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असावी लागते. प्रत्यक्षात अट तोंडी किंवा वेगळ्या बाँडवर असते, आणि मुदत संपली की जमीन गेली.

मला हा व्यवहार मान्य नाही. पटत नसेल तर कायद्याकडे पाहा. महाराष्ट्र सावकारी कायदा २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, आणि सावकारीतून लिहून घेतलेली जमीन चौकशी करून मूळ मालकाला परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे. विक्री म्हणून लिहिलेला दस्तही त्यात येतो. मदतच करायची असेल तर नोंदणीकृत नजरगहाण (ताबा न घेता गहाण) करा, व्याज लिहा, बँकेतून पैसे द्या.

बँकेच्या लिलावात स्वस्त मिळतं का?

काही वेळा मिळतं, पण तिथे वेळ फार थोडा असतो. सरफेसी कायदा २००२ (थकीत कर्जाचं तारण बँकेला विकू देणारा) खालच्या लिलावात बोली तुमची ठरली की अनामत धरून २५ टक्के त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी भरायचे. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मुदत वाढवली तरी ३ महिन्यांपलीकडे नाही. चुकलात तर भरलेले २५ टक्के जप्त. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी जप्ती कायम ठेवली, दया दाखवली नाही. म्हणून कर्ज मंजूर करून घेतल्याशिवाय बोली लावू नका.

जाहिरातीत ताबा ‘प्रत्यक्ष’ आहे की ‘प्रतीकात्मक’ ते पाहा. प्रतीकात्मक असेल तर घरात कर्जदार राहतोय, आणि ताबा मिळेपर्यंत हप्ता तुमचाच चालू. जागेवर जा, शेजाऱ्यांशी बोला, सोसायटीच्या कार्यालयात थकबाकी विचारा. ‘जसे आहे, जिथे आहे’ या शब्दांखाली सोसायटीची, मिळकतकराची आणि विजेचीही बाकी तुमच्या गळ्यात येऊ शकते. नवी वीजजोडणी देताना जुनी थकबाकी मागण्याचा अधिकार २०२३ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला आहे.

कर्जदार ऐनवेळी पैसे भरून मिळकत सोडवील ही भीती आता कमी आहे. लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की त्याचा तो हक्क संपतो, असं २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं. तरी कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज आहे का, हे वकिलाकडून बघून घ्या.

बुकिंगच्या वेळी घेऊन ताबा मिळण्याआधी विकायचा, जमतं का?

जमतं. बिल्डरशी करार करताना त्यात तुमचा उल्लेख गुंतवणूकदार म्हणून करून घ्या. ३ वर्षांच्या आत पुढे विकलात तर तुम्ही भरलेलं मुद्रांक शुल्क नव्या दस्तात वजा मिळतं. ही मुदत आधी १ वर्ष होती, २०२२ मध्ये वाढवली. बिल्डरची ना हरकत आणि तिची फी आधीच करारात ठरवा, नंतर तो मागेल ती रक्कम द्यावी लागते. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरने किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही, असा रेराचा नियम आहे.

‘ताबा मिळेपर्यंत हप्ता आम्ही भरू’ या योजनांत कर्ज तुमच्या नावावर असतं. बिल्डरने भरणं थांबवलं की बँक तुमच्याकडे येते. २०१९ साली राष्ट्रीय आवास बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशा योजना टाळायला सांगितलं होतं, ते उगाच नाही.

थोडी रक्कम रोखीत दिली तर?

स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यापेक्षा जास्त रोख घेता येत नाही. घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड. आणि रोखीचा भाग कागदावर नसतो, त्यामुळे व्यवहार फिसकटला की तो परत मागायला कोणता पुरावा दाखवणार? ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, तोही विसरू नका.

मी शेतकरी नाही. जमीन मित्राच्या नावावर घेऊ का?

नको. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि मित्राचं नाव लावलं की वर सांगितलेला बेनामी कायदा लागू शकतो.

दहा-बारा लाखच आहेत. कर्ज काढायचं नाही.

मग शेअर बाजारात नोंदलेले रीट (अनेकांचे पैसे भाड्याच्या इमारतींत गुंतवणारे ट्रस्ट) पाहा, तिथे याहून कितीतरी कमी रकमेत सुरुवात होते. सेबीने मार्च २०२४ मध्ये लहान व मध्यम रीटचे नियम आणले. त्यात किमान गुंतवणूक १० लाख आहे आणि योजनेची मालमत्ता ५० ते ५०० कोटींची असते. नोंदणी नसलेल्या ‘ऑफिसचा तुकडा विकत घ्या’ जाहिरातींपेक्षा हे बरं.

बोलणी करताना सुरुवात कशी करावी?

किमतीवरून करू नका. ‘तुम्हाला पैसे कधी लागणार आहेत आणि कशासाठी?’ हे विचारा, आणि मग गप्प बसा. मुलीचं लग्न मे महिन्यात असेल तर मेच्या आधी मोठी रक्कम देणारा माणूस दोन लाख कमी देऊनही चालतो. दुसरं घर तयार व्हायला वर्ष असेल तर विकणाऱ्याला वर्षभर तिथेच राहू द्या आणि त्याबदल्यात हप्ते मागा. वारस चार असतील तर चौघांना एकदा एकत्र बसवा. एका भावाशी ठरवलेला सौदा दुसऱ्याच्या ‘मला विचारलं नाही’वर मोडतो.

विसार द्यायच्या आधी ३० वर्षांचा सर्च (मालकी आणि बोजाच्या नोंदींचा तपास) घ्या आणि विसारपावतीत एक ओळ घाला: ‘कागदपत्रांत दोष आढळल्यास किंवा कर्ज नामंजूर झाल्यास विसार १५ दिवसांत परत.’ समोरच्याने ती ओळ खोडली, तर विसाराचा चेक देऊ नका.